नेफ्रोटिक असलेल्या मुलाचं डोकं दुखतंय, उलट्या होतायत. पित्तच असेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ९ वर्षांचा आहे, नेफ्रोटिक (किडनीतून लघवीवाटे प्रथिनं जाण्याचा आजार) पुन्हा उलटलाय, दोन दिवस डोकेदुखी-उलट्या आहेत आणि जवळच्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलंय. मी डॉक्टर नाही, याच आजाराच्या मुलीची आई आहे. उद्यावर टाकू नका. एमआरआय आणि मुलांचा आयसीयू असेल अशा रुग्णालयात आजच न्या.

आमचीही सुरुवात पित्तापासूनच झाली होती. मुलगी तेव्हा ११ वर्षांची. रोज सकाळी काचेच्या नळीत तिची लघवी घ्यायची, सल्फोसॅलिसिलिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे, प्रथिनं किती जातायत ते बघून वहीत खूण करायची. त्या आठवड्यात सलग चार दिवस नळीत दही लागल्यासारखं दिसत होतं. वहीत रोज तीन अधिक (+++), म्हणजे प्रथिनं खूपच जात होती. मग डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी जेवताना तिचा हात पोळीच्या शेजारी, रिकाम्या ताटावर पडला. म्हणाली, "आई, दोन दिसतायत."

या आजारात लघवीतून नुसतं अल्ब्युमिन हे प्रथिन जात नाही, रक्ताला गोठण्यापासून आवरणारं अँटिथ्रॉम्बिनही जातं. त्यात उलट्या, नाहीतर सूज उतरवायची लघवीची गोळी, की रक्त आणखी दाट होतं. मग मेंदूतून रक्त परत आणणाऱ्या शिरांत गुठळी होऊ शकते. क्वचित होते, पण झाली की फिट येते, जिवावर बेततं.

आमचा साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला. निघायच्या तयारीत होतो. रात्रपाळीच्या रेसिडेंट डॉक्टर मुलीने वही चाळली, माझ्या मुलीच्या डोळ्याच्या बाहुलीतून आत बघितलं, पडद्यामागच्या नसेला सूज दिसली, आणि ती एमआर व्हेनोग्राफीसाठी (मेंदूतल्या शिरा दाखवणारा एमआरआय) अडून बसली. डोक्याच्या मधोमध जाणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. साध्या सीटीत ती सुटू शकते, हे मला तेव्हा कळलं. मग रक्त गोठू नये म्हणून पोटावर सकाळ-संध्याकाळ हेपरिनची इंजेक्शनं, पुढे कित्येक महिने त्याचसाठी वॉरफेरिनच्या गोळ्या आणि आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीच्या) फेऱ्या. आता शाळेत जाते, भांडते, सगळं करते.

निघताना वही आणि औषधांच्या चिठ्ठ्या घ्या. कॅज्युअल्टीत पहिलंच वाक्य: "नेफ्रोटिक आहे, रिलॅप्स (आजार उलटलेला) चालू आहे, डोक्यात गुठळी तर नाही ना?" स्टिरॉइड आपल्या मनाने थांबवू नका, उलटीत पडलं असेल तर तेही सांगा. आणि डोकं दुखतंय म्हणून घरातलं ब्रुफेन देऊ नका, किडनीला ते झेपत नाही.