नवा ओटी लाइट मागवण्याआधी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, प्रकाश कमी पडतो असं सर्जन म्हणतात, म्हणून नव्या लाइटचं कोटेशन मागवलंस. त्यावर सही व्हायच्या आत एकदा लक्स मीटर, म्हणजे प्रकाश मोजायचं यंत्र, हातात घे. बाकीचे दिवे बंद कर आणि डोमच्या, म्हणजे दिव्याच्या गोल तबकडीच्या, मध्याखाली 1 मीटरवर मोज. आयईसी 60601-2-41 या ओटी लाइटसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिथे 40,000 ते 1,60,000 लक्स हवेत. आकडा त्यात बसला, तर दिव्याला दोष देऊ नकोस. प्रकाश पडतो कुठे आणि तो हलवायला किती झगडावं लागतं, ते आधी तपास.

त्यासाठी एक अख्खं ऑपरेशन कोपऱ्यात उभं राहून बघ. दिवा हलला की टिपून ठेव: कोणी हलवला, एका हाताने की दोन, का, आणि काम किती वेळ थांबलं. दोन हात लागत असतील तर सांध्यांचे ब्रेक फार आवळलेले आहेत. हात सोडल्यावर डोम हळूहळू सरकत असेल तर ब्रेक सैल आहेत. डोम वर किंवा खाली जात असेल तर स्प्रिंग आर्मचा, म्हणजे डोम पेलणाऱ्या दांड्याचा, तोल गेलाय. हँडलमध्ये नंतर कॅमेरा बसवला असेल तर वजन बदलतं आणि स्प्रिंग पुन्हा जुळवावी लागते, हे हमखास राहून जातं. जुळवणी कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच कर आणि टेबल रिकामं असतानाच. अंदाजाने स्क्रू पिळणारे पुष्कळ असतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

हँडलची उंची टीममधल्या सगळ्यात बुटक्या सर्जनवरून ठरव. निर्जंतुक हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, तरी उंच टांगलेल्या दिव्यासाठी तो जातोच. पेशंट घेण्याआधी डोम ढोबळमानाने जागेवर आणून ठेवा आणि आर्मचं कोपर टीमच्या डोक्यांपासून दूर वळवा. नंतरचे मोठे बदल सर्क्युलेटिंग नर्सने (निर्जंतुक कपडे न घातलेली, बाहेरून मदत करणारी नर्स) डोमच्या बाहेरच्या कडेला धरून करावेत, निर्जंतुक हँडल बारीक फेरफारापुरतं.

सावलीचं म्हणशील, तर मुख्य डोम सर्जनच्या डोक्यामागे सरळ ठेवला की वाकल्यावर डोकं आड येतंच. तो खांद्यावरून तिरका आणि दुसरा समोरून किंवा बाजूने लावा. म्हणजे एक अडला तरी दुसरा पोचतो. लॅमिनार फ्लो, म्हणजे छतातून खाली येणारा शुद्ध हवेचा संथ झोत, असेल तर जखमेच्या अगदी वर आडवा पसरलेला डोम हवेचा प्रवाहही तोडतो. खोल, अरुंद पोकळीत मात्र तिरका प्रकाश भिंतीवरच संपतो. तिथे नजरेच्या रेषेत येणारा प्रकाश लागतो, म्हणजे सर्जनच्या डोक्यावरचा हेडलाइट. त्याचं वजन मानेवर येतं, म्हणून जरूर तेवढाच वेळ.

दिसत नाही म्हणून दोन्ही डोम फुल करणं ही सगळ्यात वाईट सवय. एका जागी पडले की लक्सची बेरीज होते, उष्णता वाढते, उघडे टिश्यू सुकू लागतात. ओला टिश्यू आणि पांढरा गॉज चकाकतो, बाहुली आक्रसते आणि खोलातला भाग होता त्याहून काळा दिसतो. अशा वेळी सर्जनना प्रकाश थोडा उतरवून बघायला सांग, विश्वास बसणार नाही त्यांचा. खोलीचे दिवेही चालू राहू देत, साधारण 1,000 लक्स. भोवती अंधार असला तर जखमेवरून मॉनिटरकडे नजर नेताना डोळ्यांना दर वेळी नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने स्क्रीनवर बघून करायच्या ऑपरेशनात, सगळेच दिवे मालवतात आणि नर्सला औषधाच्या अँप्युलवरचं लेबल वाचता येत नाही. ट्रॉली आणि भूल देणाऱ्यांच्या बाजूला मंद दिवा ठेवा, फक्त त्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडू देऊ नका. स्कोपपासून (दुर्बिणीपासून) सुटलेली पेटती लाइट केबल ड्रेपवर, म्हणजे पेशंटवर पांघरलेल्या निर्जंतुक कापडावर, ठेवली तर ड्रेप जळतो, हेही सगळ्यांना बजावून ठेव.

एवढं करूनही नवा लाइट घ्यायचाच ठरला, तर डेमो रिकाम्या खोलीत बघू नकोस. तुमच्याच टेबलावर, टेबल खाली-वर करून, पेंडंट (छताला टांगलेला उपकरणांचा खांब) आणि सी-आर्म (फिरतं एक्स-रे यंत्र) जागेवर ठेवून बघ. डोम किती वेळा कशाला आपटतो ते मोज. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक विचारशील तेव्हा गडद लाल रंगाचा आर 9 वेगळा माग, कारण नुसता सरासरीचा आकडा चांगला असूनही लाल फिका दिसू शकतो.