आधी स्लाइड बघ

ठाणे, रविवार

बाळा,

तुझी मेल दोनदा वाचली. ट्यूमरच्या कापावरच्या सारख्या ठिपक्यांच्या एका गटात, म्हणजे क्लस्टरमध्ये, केराटिनचे (गाठीच्या पेशींचे) जीनही वर आहेत नि टी-पेशींचेही (प्रतिकारशक्तीच्या), म्हणजे नवीनच पेशी सापडली का, आता ग्राफ न्यूरल नेटवर्कचं मॉडेल लावू का, असं विचारतेस. मला आधी एवढंच सांग, ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली पाहिलीस का?

व्हिझियम म्हणजे कापावर कुठे कोणते जीन चालू आहेत ते ठिपक्याठिपक्याने मोजायचं तंत्र; त्याचा ठिपका ५५ मायक्रॉनचा. लिम्फोसाइट (टी-पेशी त्यातल्याच) जेमतेम सात ते दहा मायक्रॉनची. ट्यूमरच्या कडेवर पडलेल्या ठिपक्यात दोन्हीकडच्या पेशी येणारच. तुझी नवीन पेशी म्हणजे बहुधा ती कड आहे. आणि ज्या पट्ट्यात आरएनए एकदम जास्त दिसतंय, तिथे कापाला घडी पडली असेल. एचअँडई (नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगवलेल्या) स्लाइडवर घडी गडद जांभळी, नुसत्या डोळ्यांनाही दिसते. मॉडेल तिलाही क्लस्टर म्हणून मोकळं होतं. म्हणून म्हणतो, आधी स्लाइड बघ.

कड म्हणजे कचरा नव्हे गं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये टी-पेशी किती आहेत याबरोबरच त्या कुठे आहेत, गाठीच्या मध्यात की कडेला, यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज येतो, हे जेरोम गॅलाँ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं. इम्युनोस्कोर ही चाचणी त्यातूनच आली. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे एवढे रुग्ण. एकाच्या गाठीत टी-पेशी आत शिरलेल्या, दुसऱ्याच्या बाहेरच अडलेल्या. अख्खी गाठ कुटून आरएनए काढलं तर दोघांचे आकडे सारखे येऊ शकतात, पण इम्युनोथेरपी दोघांना सारखीच लागू पडेल असं नाही. जागा कळावी म्हणून तर हा सगळा खर्च, आणि तू यूमॅपकडे, ज्यात जागा दिसतच नाही त्या आलेखाकडे, बघत बसलीस!

आणखी एक. चार रुग्णांचे हजारो ठिपके म्हणजे नमुने चारच. पी-व्हॅल्यू छोटी आली म्हणून हुरळू नकोस.

मी आधी होतो त्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्टने प्रत्येक काप पाहिल्याशिवाय मी पेपर पुढे जाऊ देत नसे. एक फार हुशार मुलगा त्यापायी वैतागून निघून गेला, बोलणंही तुटलं. त्याचं वाईट वाटतं, अजूनही. पण पुन्हा तसंच करीन. खारघरला कॅन्सर हॉस्पिटलात फाइल छातीशी धरून बसलेली माणसं तूही बघतेस. उद्या आपल्या आकड्यांवरून त्यांचं औषध ठरायचं आहे. घडीला क्लस्टर म्हणून चालेल का?

उद्या पनवेल लोकलमध्ये नवा पेपर वाचू नकोस. कापावर क्लस्टर रंगवून त्याची प्रिंट काढ, पॅथॉलॉजीच्या मॅडमची वेळ घे, शेजारी बसून ट्यूमरची कड पेनने आखून घे. घडी, नेक्रोसिस (मेलेला भाग), सगळं खुणव. घडी-नेक्रोसिसचे ठिपके वगळ, उरलेल्यांवर डीकन्व्होल्यूशन चालव, म्हणजे एकेका ठिपक्यात कोणत्या पेशी किती ते वेगळं काढ. एवढं झाल्यावर तुझं ग्राफ नेटवर्क खुशाल लाव, जीपीयूसाठी मी स्वतः शब्द टाकतो. त्याआधी मात्र मॉडेलचं नाव काढू नकोस.

तुझे सर