डिक्कीतलं रक्त

प्रिय बेटा,

पीएचडीला हिपॅटायटिस बी घेऊ की ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उठते तो), असं विचारलंस. कोणताही घे, यकृत पोखरणारे हात बरेचसे तेच आहेत. बी चा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. आत बसून स्वतःच्या प्रती काढत राहतो. त्या पेशी मारतात आपल्याच संरक्षणयंत्रणेतल्या सीडी-एट टी पेशी, लागण झालेलं घर हुडकून. म्हणून आईकडून जन्मतःच लागण झालेल्या बाळाचे डोळे सहसा पिवळे होत नाहीत, पण 100 पैकी सुमारे 90 बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. मोठ्या माणसाला कावीळ होऊ शकते, तो आडवाही होतो, पण 95 टक्क्यांहून अधिक जणांत विषाणू हटतो. रक्तातला एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एन्झाइम) वाढला की लोक म्हणतात विषाणू वाढला. तो आकडा विषाणू मोजत नाही, पेशींची मोडतोड मोजतो.

ऑटोइम्यूनमध्ये हीच मारामारी शत्रू नसताना चालते. रक्तात आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) चढलेलं, स्वतःच्याच पेशींवर उठलेल्या एएनए किंवा स्मूथ मसलविरोधी अँटिबॉडी, आणि बायोप्सीत पोर्टल भागाच्या (जिथून रक्तवाहिन्या आणि पित्तनळ्या जातात त्या) कडेला अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी. मला विचारशील तर खरी मजा विषाणू आणि ऑटोइम्यून यांच्या कुंपणावर आहे. एलकेएम-1 ही अँटिबॉडी यकृतातल्या सीवायपी-2डी6 या एन्झाइमवर चालून जाते. ती ऑटोइम्यूनच्या एका प्रकाराची खूण मानतात, पण हिपॅटायटिस सी च्या काही रुग्णांतही सापडते. आणि एक विसरू नकोस: प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होण्याआधी एचबीएसएजी (बी च्या आवरणाचं प्रथिन) आणि कोअर अँटिबॉडी (बी कधी शिरला होता याची खूण) दोन्ही बघायच्या. एचबीएसएजी निगेटिव्ह आला म्हणून सुटका नाही, दबून बसलेला बी स्टेरॉइडखाली परत उठू शकतो.

आता माझी फजिती ऐक. तुझ्याएवढा असताना बी च्या रुग्णांच्या टी पेशी मोजत होतो. इंटरफेरॉन गॅमा (टी पेशी लढताना सोडतात ते प्रथिन) अगदी कमी, निरोग्यांचं भरपूर. पेशी थकल्या आहेत, म्हटलं, पेपर झाला! थकवा ही खरी गोष्ट आहे, पीडी-1 (टी पेशीवरचा ब्रेक) चढतो, पेशी ढिल्या पडतात, म्हणून शंकाही आली नाही. मग एका पोराने विचारलं, सर, नळ्या येतात कशा? रुग्णांचं रक्त गावाच्या दुसऱ्या टोकावरून माझ्या स्कूटरच्या डिक्कीत यायचं, नवतप्याच्या दुपारी, वाटेत दोन कामं उरकून. निरोगी म्हणजे आमचेच लोक. त्यांचं रक्त शेजारच्या खोलीत काढून लगेच फायकोलवर (पेशी वेगळ्या करायच्या द्रवावर) चढायचं. थकल्या होत्या त्या उन्हाने, बापा. सहा महिने गेले. नंतर बर्फात खोचून आणलं, तर तेही चुकलं: प्लाझ्माखाली जो पांढुरका, ढगासारखा थर पिपेटने उचलायचा, तो नीट बसेना, त्यात नको त्या पेशी शिरल्या. थर्माकोलच्या डब्यात, खोलीच्या तापमानाला, दोन्ही गटांचं रक्त सारख्याच वेळेत आलं, तेव्हा कुठे फरक अर्ध्याहून कमी उरला. उरला तो मात्र खरा होता.

आपल्याकडे काविळीची माळ घालतात ना? माळ लांबत लांबत पायापर्यंत उतरते आणि कावीळ गेली म्हणतात. हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत आपोआपच बरे होतात, माळ नसली तरी. (गरोदरपणातली ई मात्र जीव घेऊ शकते, तिथे माळेच्या भरवशावर बसू देऊ नकोस.) बिनमाळेचे रुग्ण कोणी मोजलेच नाहीत. मी माळेला हसायचो, आणि डिक्कीत तेच करत होतो: बरोबरीची तुलना नसताना निकाल.

आणखी एक. हातातून काढलेलं रक्त म्हणजे यकृत नव्हे. तिथे मुक्कामी टी पेशी असतात, त्या रक्तात जवळपास फिरतच नाहीत. बायोप्सीचा सुईभर तुकडा पॅथॉलॉजिस्टला आधी जातो, तुझ्या वाट्याला चिमूटभर येईल. त्यावर सगळं ठरव: काय रंगवायचं, काय गोठवायचं, कोणता प्रश्न सोडायचा. परवानगीच्या कागदावर तो चिमूटभर आधीच लिहून घे.

रविवारी सकाळी ये, तर्री पोहे खाऊ. तुझ्या नळ्या कुठून, कशा, किती वाजता येतील, ते कागदावर मांडून आण. विषय त्यानंतर ठरवू.

तुझा,
सर