नोकरी सोडायची आहे, पण घरी बसायचं नाहीये

ताई, सप्रेम नमस्कार.
माझं वय ३९. वाकडला राहते, हिंजवडीतल्या एका कंपनीत पेरोलचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या हिशेबाचं काम बघते. या कंपनीत मला सव्वाचार वर्षं झाली, त्याआधी दुसरीकडे होते. हातात ९२ हजार येतात. घराचा हप्ता ४१ हजार. नवरा चाकणला नोकरीला, मुलगा चौथीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. गेल्या वर्षी नवीन मॅनेजर आला आणि तेव्हापासून जीव नकोसा झालाय. रात्री साडेनऊला अमेरिकेचे कॉल, सकाळी पुन्हा ऑफिसात हजेरी. नोकरी सोडून घरूनच छोट्या व्यावसायिकांची अकाउंट्स आणि पेरोलची कामं घ्यायचं मनात आहे. ओळखीतल्या एक डेंटिस्ट २,५०० आणि भोसरीचे एक वर्कशॉपवाले ३,००० महिना द्यायला तयार आहेत. सासूबाई खूश आहेत, म्हणतात, आता घरात कुणीतरी असेल. नवरा म्हणतो, तुझं तू ठरव. मी राजीनामा देऊ का?
तुमची एक वाचक, वाकड

नमस्कार.

तुमचं पत्र इथे कापून छापलंय. मूळ पत्राची अडीच पानं मॅनेजरवर आहेत आणि धंद्यावर जेमतेम चार ओळी, म्हणून आधी त्या माणसाचं बोलू. अशा माणसाच्या हाताखालून निघावंसं वाटणं अगदी रास्त आहे. त्यासाठी दुसरी टीम मागता येते, दुसरी कंपनी बघता येते. पेरोल येणाऱ्या बाईला पुण्यात काम मिळत नाही असं नाही. हे दोन्ही तुम्ही करून पाहिलंय का, ते पत्रात कुठेच नाही. समजा उद्या तो बदलून गेला आणि जागी बरा कुणी आला, तरीही स्वतःचं काम सुरू करावंसं वाटेल का? वाटेल असं उत्तर आलं तर पुढचं वाचा. नसेल तर नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट करा आणि हा लेख इथेच सोडा.

वाचताय असं धरून चालते.

पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते सासूबाईंचं वाक्य. त्या वाईट म्हणत नाहीयेत. मुलाची शाळा, त्याचा डबा, संध्याकाळचं खाणं हे इतकी वर्षं त्यांनीच सांभाळलं असणार. आता गुडघे बोलत असतील, सून घरी येणार म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. पण त्यांच्या डोक्यात तुम्ही नोकरी सोडून घरी येताय आणि तुमच्या डोक्यात तुम्ही घरी कामाला येताय. हा फरक राजीनाम्याआधी स्पष्ट झाला नाही, तर पहिल्याच महिन्यात भांडण ठरलेलं.

ते कसं होईल, मला डोळ्यासमोर दिसतंय. तारीख १४. वर्कशॉपवाल्यांनी बावीस-पंचवीस कामगारांची हजेरी संध्याकाळी सहाला व्हॉट्सॲपवर पाठवली, तीही वहीचा फोटो काढून, अर्धा फोटो अंधारात. १५ ला त्यांचा पीएफ आणि ईएसआय, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याची वर्गणी, भरायचंय. तुम्ही डोळे ताणून ‘रजा’ आहे की ‘हजर’ ते लावताय. तेवढ्यात बेल वाजते, आत्येसासूबाई सहज म्हणून आल्यात. घरात सून आहे आणि चहा सासूबाईंनी टाकायचा? तुम्ही उठता. चहा होतो, पोहे होतात, साडेआठ वाजतात. लॅपटॉप उघडता तेव्हा मुलगा विज्ञानाचा प्रोजेक्ट घेऊन उभा. मग रात्री साडेनऊला तुम्ही पुन्हा कामाला बसलेल्या, फक्त समोर अमेरिका नाही.

म्हणून आत्ताच सासूबाईंशी बसून बोला. सोबत कॅलेंडर घ्या, महालक्ष्मीचं किंवा कालनिर्णय, घरात जे असेल ते. ७ तारीख टीडीएस (कापून घेतलेला कर भरायचा), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला ३बी (जीएसटीचं महिन्याचं विवरण). या तारखांना लाल गोल करा आणि सांगा की हे दिवस आणि त्यांच्या आदले दिवस मी ऑफिसातच आहे असं समजायचं. एकादशी, चतुर्थी लक्षात ठेवणाऱ्या बायकांना तारखा पाळायला शिकवावं लागत नाही; कारण कळलं की त्याच आत्याबाईंना दारात सांगतील, सून कामात आहे. बसायला दार बंद होणारी खोली हवी. हॉलमधल्या डायनिंग टेबलवर धंदा होत नाही, तिथे भाजी निवडली जाते.

आणि पोळ्यांच्या मावशींना बंद करू नका. पगार थांबला की बायका पहिली कात्री तिथेच लावतात. ‘आता मी घरीच आहे ना’ म्हणत मावशी जातात, मग शाळेची व्हॅन जाते, मग धुणंभांडी. तीन महिन्यांत धंदा राहतो बाजूला आणि तुम्ही बिनपगारी गृहिणी होता. मावशींचा पगार हा तुमच्या धंद्याचा खर्च आहे असं वहीत लिहा. (आयकरात तो धरता येणार नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

आता तुमचे यजमान. ‘तुझं तू ठरव’ ही वरवर मोकळीक दिसते. चाललं तर उत्तमच, नाही चाललं तर ‘मी कुठे म्हटलं होतं सोड म्हणून’. मला वाटतं ते घाबरलेत आणि बोलत नाहीयेत. ४१ हजारांचा हप्ता उद्यापासून एकट्याच्या पगारावर येणार, चाकणला मंदी आली की ओव्हरटाइम आधी जातो, हे त्यांना रोज दिसत असणार. त्यांच्याकडून होकार काढायच्या भानगडीत पडू नका. आकडे घेऊन बसा आणि एक प्रयोग ठरवा: येत्या महिन्यापासून तुमच्या पगाराला हात लावायचा नाही. हप्ता, शाळा, किराणा, सगळं त्यांच्या पगारात. तुमचे ९२ हजार आले की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. सहा महिने जमलं तर साडेपाच लाखांची गंगाजळी तयार आणि त्यांची भीतीही अर्धी होईल. दुसऱ्याच महिन्यात त्या खात्यातून काढायची वेळ आली, तर ते दोघांनाही एकाच वेळी दिसेल. कुणी कुणाला अडवलं असं होणार नाही.

सहा महिनेच का, तर तुम्ही सव्वाचार वर्षांवर आहात! ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांना, पाच लागतात. दुसऱ्यांचा हिशेब रोज करणाऱ्या बाईच्या नजरेतून स्वतःचा सुटावा याचं मला नवल वाटलं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ६० हजार धरला तर त्याचे पंधरा भागिले सव्वीस (महिन्याच्या सव्वीस दिवसांपैकी पंधरांचा पगार) गुणिले पाच वर्षं, म्हणजे १ लाख ७३ हजारांच्या आसपास. नऊ महिने कळ काढायची. तुमच्याकडे नोटीस तीन महिन्यांची असेल, तर सहा महिन्यांनी राजीनामा द्या, शेवटचा दिवस पाच वर्षं पुरी झाल्यावर येईल असा बघून. मॅनेजरपासून सुटायची तारीख ठरली की त्याचे साडेनऊचे कॉलही सोसतील.

दरम्यान डेंटिस्टबाईंचं काम गुपचूप सुरू करू नका. नेमणूकपत्र काढून वाचा, बाहेरचं काम करू नये असं कलम बहुतेक असतंच. ग्रॅच्युइटी तोंडाशी आली असताना ही जोखीम कशाला?

सासूबाईंना बीपी-शुगर असेल आणि त्या तुमच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात असतील तर हे सगळ्यात आधी बघा. शेवटच्या दिवसाबरोबर ते कवच संपतं. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा मार्ग असतो, पण अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो आणि घ्यायचं की नाही ते विमा कंपनी ठरवते. त्यामुळे नोटीस काळात नाही, या महिन्यातच एचआरला विचारा. व्यवसाय कर आजवर पगारातून कापला जायचा, पुढे स्वतः नोंदणी करून वर्षाला २,५०० भरायचे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नाही. बाकी तुम्हीच मला शिकवाल.

आता खरा प्रश्न, पैशांचा. २,५०० आणि ३,००० मिळून साडेपाच हजार. त्यात हप्त्याचा सातवा भागही निघत नाही. दर असेच राहिले तर नुसत्या हप्त्यासाठी पंधरा गिऱ्हाईकं लागतील आणि त्या पंधराही जणांची १४ तारीख एकाच दिवशी येईल. दवाखान्याचं एक वेळ ठीक, तिथे जीएसटी नाही, चार माणसांचा पगार आहे. पण भोसरीचं? वीस-पंचवीस कामगार, पीएफ, ईएसआय, जीएसटी, टीडीएस, वर ‘जरा हे बँकेचं स्टेटमेंट बघता का’. हे ३,००० मध्ये कुणी करून देत असेल तर मला नंबर द्या. ओळखीत आपण आकडा उच्चारतानाच आवाज खाली आणतो. समोरच्याने घासाघीस करायच्या आत आपणच केलेली असते. तुम्ही तेच केलंय.

पैसे उशिरा देणाऱ्यांसाठी कायदा आहे. उद्यम नोंदणी असेल तर लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडे मुदत चालत नाही आणि त्यानंतर जबर व्याज लागतं. पण ओळखीतल्या माणसाला तुम्ही ते कलम दाखवणार नाही, हे मलाही माहीत आहे आणि त्यांनाही. त्यामुळे महिन्याचे पैसे महिन्याच्या १ तारखेला, आगाऊ. पैसे आले नाहीत तर ७ च्या टीडीएसला हात लावायचा नाही. पहिल्या महिन्यात हे अवघड जाईल, तिसऱ्या महिन्यात सांगायला गेलात तर अशक्य होईल.

राजीनामा देऊ का, तर आज नको, सहा महिन्यांनी द्या, प्रयोग जमला तर. भोसरीला मात्र या आठवड्यातच फोन करा. काम नऊ महिन्यांनी सुरू होईल आणि ३,००० मी घाईत बोलले होते, कामाची यादी करून नवा आकडा पाठवते, एवढंच म्हणा. ते नको म्हणाले तर आत्ताच कळलेलं बरं.