वाचकांचे प्रश्न : शहरात गेलेलं नत्र परत येतं का?

माती तपासायच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली. लोक मातीच्या पिशव्या आणायचे आणि मी आकडे लिहून द्यायचो. आता पिशव्यांच्या जागी पत्रं येतात, एवढाच फरक. या महिन्यातली चार पत्रं योगायोगानं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली: शहरं वाढताहेत, त्यांना खायला घालायचं कशातून? पाचवं पत्र माझी चूक दाखवणारं आहे, ते शेवटी घेतो.

‘काका, आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय आहे: उद्याचं शहर स्वतःचं अन्न स्वतःच पिकवेल. मला बाजूनं बोलायचंय. गच्चीवरची शेती, उंच इमारतीत दिव्यांखाली घेतलेली पिकं, असं बरंच वाचलंय. मुद्दे द्याल का?’
– एक विद्यार्थिनी

मुद्दे देतो, पण समोरचा काय विचारेल ते आधी ऐक. तो तुला जमीन मोजायला लावेल.

माणसाला दिवसाला साधारण 2,200 किलोकॅलरी लागतात. त्यातल्या निम्म्या गव्हातून मिळतात असं धरू. किलोभर गव्हात सुमारे 3,400 किलोकॅलरी असतात, म्हणजे माणशी वर्षाला 118 किलो गहू. जगाचं सरासरी उत्पादन हेक्टरी साडेतीन टन, म्हणजे चौरस मीटरला 350 ग्रॅम. आता भागाकार कर. एका माणसाच्या अर्ध्या पोटासाठी जवळजवळ 340 चौरस मीटर लागतात. दहा लाख वस्तीच्या शहराला 340 चौरस किलोमीटर गच्च्या लागतील आणि त्यावर पाण्याच्या टाक्या ठेवायच्या नाहीत!

दिव्यांखाली गहू येत नाही असं नाही. येतो, चांगला येतो. पण सूर्य जे फुकट देतो त्याचं वीजबिल भरावं लागतं. म्हणून त्या इमारतींत मुख्यतः लेट्यूससारखी पानं लावतात. लेट्यूसमध्ये 95 टक्के पाणी असतं, 100 ग्रॅम खाल्लं तर जेमतेम 15 किलोकॅलरी मिळतात. जीवनसत्त्वं, चव, ताजेपणा सगळं कबूल, पण त्यावर पोट भरत नाही.

आता तुझ्या बाजूचा मुद्दा. एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस घे. शहराच्या सुमारे एक षष्ठांश जमिनीवर भाजीचे मळे होते. माळी लोक घोड्यांच्या लिदीचे जाड थर पसरायचे. ती कुजताना तापते, त्या उबेवर माती, मातीवर रोपं आणि रोपांवर काचेच्या घंटा. ऐन थंडीत ताजी पानं निघायची आणि एका वाफ्यातून वर्षाला तीन-चार पिकं घ्यायचे. वर्षाला लाखभर टन भाजी आणि त्यासाठी दहा लाख टन लीद, असा तो कारभार होता. लीद कुठली, तर त्याच शहरातल्या तबेल्यांतली. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, लीद गेली आणि मळ्यांच्या जागी घरं उठली.

हे उदाहरण दोन्ही बाजूंना चालतं. म्हणून समोरच्याच्या आधी तू वापर.

‘सर, आमची दोन हेक्टर शेती. आजोबा शेणखतावर पीक घ्यायचे. आता खताच्या गोण्या वाढल्या, उतारा मात्र आहे तिथंच आहे. माल सगळा शहरात जातो. शहर पैसे देतं हे खरं, पण जमिनीला काय देतं? प्रश्न वेडगळ वाटला तर सोडून द्या.’
– एक तरुण शेतकरी

वेडगळ मुळीच नाही. याच प्रश्नावर युस्टुस फॉन लीबिग हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात चांगलाच तापला होता. प्राचीन रोमच्या गटारांनी तिथल्या शेतकऱ्याची संपत्ती गिळली, असं तो लिहून गेला. त्याच्या डोळ्यांसमोर लंडनही तेच करत होतं. तिथला मैला थेम्समध्ये आणि शेतासाठी खत म्हणून पेरूच्या बेटांवरून समुद्रपक्ष्यांची विष्ठा जहाजं भरभरून यायची. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटला बसवेना. मग मोठी गटारं बांधून मैला नदीच्या खालच्या अंगाला नेला. वास गेला, कॉलराही हटला, त्या बांधकामाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण लीबिगचा प्रश्न होता तिथंच राहिला.

तुमच्या शेतावरून काय जातं ते पाहू. एक टन गव्हाच्या दाण्यांबरोबर साधारण 20 किलो नत्र (नायट्रोजन), साडेतीन किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि चार किलोच्या आसपास पालाश (पोटॅशियम) जातो. दहा टन माल गेला की दोनशे किलो नत्र शहरात पोचलं. पुढे? वाढत्या वयाची पोरं सोडली तर माणूस यातलं काही साठवत नाही. जेवढं नत्र खातो जवळजवळ तेवढं बाहेर टाकतो, वर्षाला चार ते पाच किलो, आणि अर्धा किलो स्फुरद. नत्राचा मोठा वाटा लघवीत असतो. दहा लाखांच्या शहरातून वर्षाला चार हजार टनांवर नत्र आणि पाचशे टन स्फुरद गटारात उतरतो. हे तुम्हा लोकांच्या शेतांमधून गेलेलं धन आहे.

सोनखत, म्हणजे माणसाच्या मैल्याचं खत, हा शब्द आता कुणी उच्चारत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला, मी उच्चारतो. अठराव्या शतकातलं एदो, म्हणजे आजचं टोकियो, दहा लाखांच्या घरातलं शहर होतं. तिथला मैला शेतकरी विकत घ्यायचे, कधी रोकड देऊन, कधी भाजी देऊन. ओसाकात तर भाडेकरूंच्या घरची विष्ठा घरमालकाच्या मालकीची आणि लघवी भाडेकरूच्या, अशी वाटणी होती. दर वाढले की शेतकरी आणि शहरवाले भांडायचे. ज्या वस्तूवरून भांडण होतं तिला किंमत असते, एवढं यातून घ्यायचं. बाकी त्या काळाचे गोडवे गायला नकोत, कच्च्या सोनखतातून जंत आणि रोग पसरतात.

मग आपण ही वाट सोडली कशी? 1909 साली फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हवेतल्या नत्रापासून अमोनिया, म्हणजे नत्रखताचा कच्चा माल, करून दाखवला, 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांचं जेवण त्या नत्रावर उभं आहे असा अंदाज आहे. त्यामुळे ‘रासायनिक खत बंद करा’ म्हणणाऱ्यांना मी आधी वर केलेला भागाकार करायला सांगतो. पण नत्र हवेतून मिळालं म्हणून शहरातलं नत्र परत आणायची गरज कुणाला वाटेना. गाय आटली तरी दूध दुकानात मिळतं, तसं झालं.

स्फुरदाचं तसं नाही. तो हवेत नाही, कारखान्यात तयार होत नाही, खडकातून खणून काढावा लागतो. ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एका पट्ट्यात आहेत. म्हणूनच जर्मनीनं 2017 मध्ये नियम केला की मोठ्या सांडपाणी केंद्रांनी 2029 पासून गाळातला स्फुरद वेगळा काढायचा. एक पद्धत मजेदार आहे. सांडपाण्याच्या नळ्यांत स्ट्रुव्हाइट नावाचे खडे साचतात, मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे. वर्षानुवर्षं कामगार ते शिव्या देत फोडायचे. आता तेच मुद्दाम तयार करतात, कारण ते सावकाश विरघळणारं चांगलं खत आहे.

तुमच्या शेताचं सांगतो. उतारा वाढत नाही तेव्हा आणखी एक गोणी टाकण्याआधी सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत आलेला कार्बन, तपासून घ्या. तो घसरला असेल तर टाकलेलं खत माती धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गव्हाच्या काडात बराचसा पालाश असतो, म्हणून काड विकू नका आणि जाळू तर नकाच. एखादा हंगाम कडधान्याला द्या. आणि नमुना नीट घ्या. माझ्याकडे निम्म्या पिशव्या बांधाजवळच्या किंवा उकिरड्याशेजारच्या मातीच्या यायच्या, त्यावर मी काय डोंबल सल्ला देणार? शेतात नागमोडी फिरत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा घ्या, कडेची पातळ चकती काढा, सगळी माती मिसळा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नका.

शहराचा गाळ किंवा कंपोस्ट कुणी देऊ केलं तर कॅडमियम आणि शिशाचा अहवाल मागा. नुसतं तोंडी ‘चांगलं आहे’ म्हणाले तर गाडी परत पाठवा.

‘आमच्या घरी रोज थोडं अन्न वाया जातं. टाकताना जीव तुटतो. एका घरानं काय फरक पडणार, असं यजमान म्हणतात. खरं आहे का?’
– एक गृहिणी

यजमानांना सांगा, 2022 साली जगात सुमारे 105 कोटी टन अन्न दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. हा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आहे. ते सगळं ‘एकेका घरानं’च टाकलं.

आधी कमी शिजवा. उरलंच तर ओलं वेगळं ठेवा आणि त्यात दुसरं काही जाऊ देऊ नका. हे मी पोटतिडकीनं सांगतो. एका शहराच्या कचऱ्यापासून केलेलं कंपोस्ट घातलेल्या शेतातली माती माझ्याकडे आली होती. चाळणीवर काय राहिलं? बाटलीच्या काचा, प्लॅस्टिकचे तुकडे, एक बॅटरी सेल. नत्र-स्फुरदाचे आकडे बरे होते, पण त्या शेतकऱ्याच्या बायकोचा तळवा खुरपताना कापला होता. दुसरी गाडी त्यांनी रस्त्यावरूनच वळवली. ते खत वाया गेलं ते कारखान्यात नाही, कुणाच्या तरी ओट्याखालच्या डब्यात.

‘मी नगररचनेत काम करतो. शहराच्या काठावरची शेती राखून ठेवा, असा आग्रह बैठकीत नेहमी होतो. शीतगृहं आहेत, वातानुकूलित ट्रक आहेत, अन्न हजार किलोमीटरवरून येऊ शकतं. मग काठाचा हट्ट कशाला?’

तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. 1882 मध्ये ‘ड्युनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं आणि ते खाण्याजोगं निघालं. तेव्हापासून शहराकडे येणाऱ्या अन्नाला अंतर आडवं येत नाही.

जाणाऱ्या मालाला मात्र येतं. योहान हाइनरिष फॉन थ्यूनेन हा स्वतः जमीन कसणारा अर्थशास्त्रज्ञ. त्यानं 1826 मध्ये कल्पनेतल्या एका शहराभोवती शेतीची वर्तुळं आखली. सर्वांत आतल्या वर्तुळात दूध आणि भाजी. त्याचं नाशवंतपणाचं कारण सगळ्यांना पाठ असतं. दुसरं कारण विसरतात: शहरातलं खत विकत घेऊन वाहून नेणं तेवढ्याच अंतरापर्यंत परवडतं. आजही तसंच आहे. टनभर कंपोस्टमध्ये दहा-पंधरा किलो नत्र असतं आणि बाकी बहुतेक ओलावा नि कुजलेला पाला. टनभर युरियात 460 किलो. कंपोस्ट हजार किलोमीटर नेणारा ट्रकवाला मला तरी भेटलेला नाही.

तेव्हा काठावर इमारती उठल्या की भाजी लांबून येईल, पण तुमचा ओला कचरा आणि गाळ पोचवण्याजोगं शेत उरणार नाही. शिवाय जुनी शहरं बहुधा नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवरच वसली, म्हणजे ती पसरतात तीही सहसा चांगल्या मातीवर. 2018 च्या अंदाजाप्रमाणे जगातले 55 टक्के लोक शहरात राहत होते, 2050 पर्यंत ते 68 टक्के होतील. घरं हवीतच. मी बैठकीत असतो तर एवढंच विचारलं असतं: आराखड्यात पाणी येण्याची नळी दाखवली आहे, खत जाण्याचा रस्ता कुठे आहे?

दुरुस्ती

एका शिक्षिकाबाईंनी गेल्या अंकातली चूक पकडली. 18-46 या खताच्या गोणीत ‘46 टक्के स्फुरद’ असतो असं मी लिहिलं होतं. गोणीवरचा तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा आहे. त्याला 0.437 ने गुणलं की खरा फॉस्फरस मिळतो, म्हणजे सुमारे 20 टक्के. वर गव्हाचा आणि शहराचा हिशेब दिला आहे तो खऱ्या फॉस्फरसचा, गोणीवरच्या आकड्याशी तुलना करायची असेल तर सव्वादोननं गुणून घ्या. बाई, तीस वर्षं हेच आकडे लिहिले आणि तरी चुकलो. आभार.