मंडळीचं ध्येय लिहायला बसताना

प्रश्न : ताई, सलाम. आम्ही मूळचे साताऱ्याचे, नऊ वर्षं टोरोंटोजवळ राहतो. इथली चौदा मराठी ख्रिस्ती कुटुंबं महिन्याच्या चौथ्या शनिवारी एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जमतो, मराठीत उपासना करतो. आता त्या चर्चने सांगितलंय, तुमच्या मंडळीचं (म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायाचं) दर्शन (व्हिजन), मूल्यं आणि मिशन एका पानात लिहून द्या, म्हणजे हॉल कायमचा देता येईल. आम्ही मसुदा केला आणि फोनवर सासऱ्यांना वाचून दाखवला. ते बरीच वर्षं मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारे 'एल्डर', होते. म्हणाले, "छान आहे, पण यात आपलं काय आहे?" तेव्हापासून आमच्यात दोन तट पडलेत. काहींना वाटतं मराठी टिकवणं हेच आपलं ध्येय. काही म्हणतात, मुलांना मराठी कळत नाही, सगळं इंग्रजीत करा. तुम्ही काय सांगाल?

उत्तर : तुम्हां सगळ्यांना मिरजेहून सलाम. तुमचा मसुदा मी तीनदा वाचला. प्रेम, एकता, वाढ, सर्वांचं स्वागत. चूक एकही शब्द नाही, पण चौदा घरांतलं एकही घर त्यात दिसत नाही. सासऱ्यांनी बरोबर तेवढंच विचारलं.

आधी 'मिशन' या शब्दाकडे बघू या. आमच्या मिरज-सांगलीकडे मिशन म्हटलं की माणसाला जागा आठवते. मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड, "ते मिशनात राहतात." मी त्याच भिंतीच्या आत वाढले, त्यामुळे हे दुखतं म्हणून लिहिते. मूळ अर्थ पाठवणीचा आहे. कुणीतरी कुणालातरी कुठेतरी पाठवलंय, काहीतरी काम सांगून. पिढ्या गेल्या आणि त्या पाठवणीचा आम्ही पत्ता करून टाकला. परदेशात हा धोका जास्त असतो, कारण आपली माणसं भेटली की जिवाला इतकं बरं वाटतं की दार लोटून घ्यावंसं वाटतं. म्हणून 'मराठी टिकवणं' हे ध्येय मला अपुरं वाटतं. ती गोष्ट मोलाची आहे, मी स्वतः मराठी भजनाशिवाय जगू शकत नाही. पण ती घरातली शिदोरी आहे, आणि शिदोरी प्रवासासाठी असते.

एक प्रसंग सांगते. मंडळीचं नाव सांगत नाही. तिथल्या पंचकमिटीने ध्येयाच्या चार ओळी ठरवल्या, मोठा फलक केला आणि दाराशी लावला. पहिलीच ओळ सर्वांच्या स्वागताची. त्या दाराला पाच पायऱ्या होत्या. आमच्या एक निवृत्त सिस्टर गुडघे गेल्यावर व्हीलचेअरवर आल्या. उभी हयात त्यांनी रात्रपाळ्यांत दुसऱ्यांना उचलून बेडवर ठेवलं होतं. पहिले काही रविवार पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. मग त्यांनाच संकोच वाटू लागला. त्या बाहेर झाडाखाली बसून उपासना ऐकायच्या, प्रभुभोजन पाळकसाहेब बाहेर आणून द्यायचे. दोन वर्षं असं चाललं. मीही कमिटीत होते, मलाही ते सुचलं नाही, याची खंत आजही आहे. शेवटी तरुण संघातल्या अकरावीच्या एका मुलीने वार्षिक सभेत उभं राहून विचारलं, "सिस्टर आत कधी येणार?" पुढच्या महिन्यात सिमेंटचा उतार झाला. तो थोडा वाकडाच आहे, पण सिस्टर त्यावरून आत आल्या तेव्हा गाणं मध्येच थांबलं होतं. त्यानंतर आम्ही त्या चार ओळी पुन्हा लिहिल्या.

म्हणून माझं सांगणं असं की पहिल्या बैठकीत काहीही लिहू नका. फक्त सांगा. प्रत्येक घराने एकच गोष्ट सांगायची : मंडळी माझ्यासाठी कधी उभी राहिली, किंवा कधी राहिली नाही. कुणाची नोकरी गेली तेव्हा घरभाडं कुणी भरलं, बाळंतपणाला आई येऊ शकली नाही तेव्हा डिंकाचे लाडू कुणाकडून आले, बर्फात गाडी अडकली तेव्हा कोण धावलं. तुमची मूल्यं तिथं आहेत. दुसऱ्या बैठकीत बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय २, वचन ४२ पासून पुढे वाचा. शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना, गरजेप्रमाणे वाटून घेणं, सगळी कामंच आहेत. दर्शनाशिवाय लोक अनावर होतात हे नीतिसूत्रांतलं वचन (२९:१८) अशा बैठकांत हमखास निघतं. तेव्हा त्याचा उत्तरार्धही वाचा, तो नियमशास्त्र पाळणाऱ्याला धन्य म्हणतो. तिथलं दर्शन म्हणजे देवाने संदेष्ट्यांना दाखवलेलं. कमिटीने आखलेली योजना त्याच्या आधाराने खपवू नये.

तुम्ही साताऱ्याचे, म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १८९५ साली बाप्तिस्मा, मग वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम. १९१७ साली पंचावन्नाव्या वर्षी ते मिशनचं बंधन सोडून साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' मांडला. हाती वेळ फार नव्हता, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. पण दरबाराची कल्पना बघा : बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूच्या मागे जाऊ पाहणारे सगळे एकत्र बसणार. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेला हा माणूस अभंगातून प्रभूला हाक मारत होता, आणि मराठी त्याने कुंपणासाठी वापरली नाही. तुमच्या चौदा घरांत कुणाची सून हिंदू असेल, कुणाचा जावई तेलुगू बोलत असेल, मुलं तर अर्धी कॅनडाचीच. त्या तळघरात त्यांना कुठे बसायला सांगता? तुमचं खरं दर्शन मला त्यावरून कळेल.

आणि बाहेर कुणाकडे पाठवलंय, हेही ठरवा. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आमच्या भागात आले, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं. आज तुम्ही उलट दिशेने तिकडे गेला आहात. हॉस्पिटल बांधा असं मी म्हणत नाही. नुकत्याच उतरलेल्या, खोली शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा गरम जेवण, एवढं एक काम धरा, मराठी असो वा नसो. आणि ते वर्षभर सोडू नका.

भाषेचं भांडण यातून बरंच सुटेल. कागद आधी मराठीत लिहा, साध्या बोलीत. मग मुलांनाच त्यांच्या भाषेत मांडायला सांगा, मोठ्यांनी करून देऊ नका. मुलं अडतील त्या जागी बहुधा आपलाच विचार कच्चा असतो. पाच-सात ओळी पुरेत.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मसुद्यात 'मायदेशातील मंडळीला साहाय्य' असं कलम आहे, म्हणून सावध करते. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान धरली जात नाही. ज्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय त्यांची मात्र धरली जाते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी. ती घ्यायची तर साताऱ्याच्या मंडळीकडे किंवा तिच्या वरच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी अंशदानाच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे नवी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. चौदा घरांचे पैसे एकत्र करून कुणा एकाच्या नावाने पाठवू नका, त्रास इकडच्या खजिनदाराला होतो. आधी त्यांना विचारा.

नाताळच्या आत उरकायची घाई करू नका. त्या चर्चला सांगा, जानेवारीत देतो. कागद झाला की शनिवारी रात्री साडेदहाला सासऱ्यांना फोन लावा. साताऱ्यात तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतील. स्पीकर चालू ठेवा, आणि कागद तुमच्या धाकट्याला वाचू द्या, त्याला जसं येईल तसं.