वळणाच्या पोटातून जाणारं पाणी

प्रश्न: आमच्याजवळ एक ओढा आहे, तो एका ठिकाणी घोड्याच्या नालेसारखं वळण घेतो. वळणाच्या आतल्या जमिनीत, पाण्यापासून आठ-दहा पावलांवर, हातभर खणलं तर पाणी लागलं. हे ओढ्याचं म्हणायचं की जमिनीतलं? दुपारी ओढ्याचं पाणी कोमट होतं आणि खड्ड्यातलं गार, त्यामुळे घरात दोन तट पडलेत. दुसरं म्हणजे वळण संपतं तिथे काठातून पाणी पाझरतं, खाली नारिंगी चिखल असतो आणि वर तेलासारखा तवंग, कोणी काही सोडतंय का? आणि हे वळण कापून ओढा सरळ करायचं घाटतंय, त्याने काय बिघडेल?

उत्तर: नमस्कार. खड्डा खणून मग प्रश्न विचारलात याचा फार आनंद झाला. पैज लावायचीच तर मी ओढ्याच्या बाजूने लावेन, पण दुसरा तटही अगदी चूक नाही, का ते सांगतो.

ओढा सपाट दिसतो पण त्याचं पाणी कायम उतारावर असतं. समजा तुमचं वळण काठाकाठाने ३०० मीटर आहे आणि तेवढ्यात पाणी ३० सेंटिमीटर खाली उतरतं, म्हणजे उतार झाला हजारात एक. आता वळणाची दोन टोकं जिथे जवळ येतात ती मधली जमिनीची मान बघा, ती समजा फक्त ३० मीटर रुंद आहे. म्हणजे तेच ३० सेंटिमीटर इथे ३० मीटरमध्ये उतरतात, शंभरात एक, दहापट तीव्र उतार! पाण्याला जवळची वाट मिळाली की ते सोडत नाही, मग वरच्या टोकाला काठात शिरतं, वाळूच्या कणांमधून वाट काढत मान ओलांडतं आणि खालच्या टोकाला परत ओढ्यात येतं. तुमचा खड्डा बहुतेक त्याच वाटेवर पडलाय.

वेग मात्र फारच कमी. हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्ये वाळूतून पाणी किती वेगाने जातं याचा नियम मांडला, त्यात जाड्या वाळूचे साधारण आकडे घातले तर दिवसाला दोनेक मीटर निघतात. म्हणजे ओढ्यातून सेकंदाला एक फूट वेगाने निघालेलं पाणी सतरा मिनिटांत वळण फिरून पुढे गेलेलं असतं, आणि त्याच्याच बरोबरीचं, मातीत शिरलेलं पाणी पंधरा दिवसांनी पलीकडे उगवतं. गोटे असतील तर त्याहून बरंच लवकर, चिकणमाती असेल तर वर्षानुवर्षं.

या मधल्या पट्ट्याला हायपोरेइक झोन म्हणतात, ग्रीकमध्ये 'प्रवाहाच्या खालचा'. रोमानियाच्या ट्रायान ओर्गिदान यांनी १९५० च्या दशकात हे नाव दिलं. हा पट्टा फक्त वळणाखालीच असतो असं नाही, ओढ्याच्या तळाशी गोट्यांचा उंचवटा असला की वरच्या अंगाला पाणी तळात दाबलं जातं आणि खालच्या अंगाला वर येतं, आडवं पडलेलं लाकूडही तेच करतं. म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या वाटा आणि महिन्यांच्या लांब वाटा एकाच ओढ्याखाली एकमेकींत गुंतलेल्या असतात.

आता दुसऱ्या तटाचं. दोन्ही बाजूंच्या जमिनीतलं भूजल जेव्हा उंच असतं तेव्हा ते ओढ्याकडे ढकलत येतं आणि ओढ्याचं शिरलेलं पाणी पार चेपून टाकतं, हा पट्टा बारीक होतो आणि तुमच्या खड्ड्यात भूजलाचा वाटा वाढतो. भूजल खाली गेलं की उलट, ओढाच जमिनीला पाणी देत बसतो. पूर आला की काही दिवस पाणी काठात शिरून राहतं, ओसरला की परत येतं. त्यामुळे 'कोणाचं पाणी' याचं उत्तर मोसमागणिक बदलतं, मला तर ही दोन वेगळी पाणी मानणंच पटत नाही.

गारव्यावरून निकाल लावू नका. वाळूतून जाताना दिवसाची ऊब पहिल्या काही हातांतच विरते, ओढ्याचंच पाणी असलं तरी गार लागणार. त्यापेक्षा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या, ओढा, खड्डा आणि काठापासून लांबची एखादी विहीर, तिन्ही मोजा. खड्डा ओढ्याच्या आकड्याजवळ आला तर माझी पैज जिंकली, मधे कुठे आला तर मिसळण आहे.

नारिंगी चिखलाची बहुतेक काळजी नको. आधी काडीने तवंग हलवून बघा, पापडासारखे कडक तुकडे होऊन ते तसेच वेगळे राहिले तर ते लोहाच्या जिवाणूंचं काम, फिरून एकमेकांत मिसळले तर ते खरंच तेल, मग चौकशी करा. वाळूच्या प्रत्येक कणावर जिवाणूंचा बुळबुळीत थर असतो, पाणी जात असताना ते आधी त्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेटवर येतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात, मग मातीतलं मँगनीज आणि लोह विरघळायला लागतं, आणि फारच वेळ मिळाला तर सल्फेटवर जाऊन सडक्या अंड्यासारखा वास येतो. पंधरा दिवसांनी बाहेर आलेल्या पाण्यात विरघळलेलं लोह असतं, हवा लागली की त्याचा गंज होतो, तोच तुमचा नारिंगी चिखल. म्हणजे तुम्ही पाण्याच्या बाहेर पडायच्या दारातच उभे होतात! खतांचं नायट्रेट काढायचं काम हा पट्टा फुकटात करतो पण म्हणून ते पाणी पिऊ नका, सगळं काही गाळलं जात नाही.

त्या अंधारात जीवही राहतात. अमेरिकेतल्या मोंटानात फ्लॅटहेड नदीपासून दोन किलोमीटरपर्यंत लांब असलेल्या विहिरींमध्ये नदीतल्या स्टोनफ्लाय किड्यांच्या अळ्या सापडल्या, हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. जमिनीखालून नदी किती रुंद असते बघा.

आता सरळ करण्याचं. मी याच्या विरोधात आहे आणि ते स्पष्ट सांगतो. मान कापली की पंधरा दिवसांची वाटच जाते, सगळं पाणी उघड्या पात्रातून धावतं आणि नायट्रेट तसंच खाली जातं. शिवाय तोच ३० सेंटिमीटरचा उतार ३० मीटरमध्ये आला की पाणी जोरात वाहतं, तळ खरवडतं, ती खरवड वरच्या बाजूला सरकत जाते, तळ खोल गेला की काठाचं भूजलही त्याच्या मागे खाली उतरतं. आज पुराचं पाणी लवकर निघून गेल्यासारखं वाटेल, आणि ते जाऊन पोचेल खालच्या लोकांच्या दारात. चर्चेला जाल तेव्हा तुमच्या खड्ड्याचे आकडे घेऊन जा.

प्रश्न: आटलेल्या ओढ्यात वाळू उकरली की पाणी कसं लागतं?

उत्तर: ओढा वरून थांबलाय, खालून नाही. तळाच्या वाळूतून तो हळूहळू उताराला चाललेलाच असतो, आणि पाण्यातले कितीतरी किडे ओलीबरोबर खाली उतरून तिथेच वाट बघत असतात. उकरून झालं की खड्डा बुजवून टाका.